आधुनिक आरोग्यसेवा आणि डॉक्टरची जागा

आधुनिक आरोग्यव्यवस्थेत आरोग्यसेवा देणाऱ्यांची भूमिका काय असावी, या विषयावर यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली. विषय मोठा आहे. विमा योजना, कॉर्पोरेट रुग्णालये, दूरचिकित्सा, रोगनिदानात येऊ घातलेली कृत्रिम बुद्धिमत्ता असे कितीतरी पदर त्याला आहेत आणि त्यांवर अधिकाराने लिहू शकणारे सहकारी आपल्या मंडळात आहेत. मी बालरोगतज्ज्ञ. माझा रुग्ण बोलत नाही, स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येत नाही आणि आपल्याला काय होते आहे ते त्याला सांगता येत नाही. त्याला माझ्यापर्यंत कोणीतरी आणावे लागते. हे ‘कोणीतरी’ कोण, एवढ्याच प्रश्नापुरते मी बोलणार आहे.

आरंभ शब्दापासूनच करतो. ‘हेल्थ केअर प्रोव्हायडर’ हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांना टोचतो. त्याचे मराठी ‘आरोग्यसेवा पुरवठादार’ असे केले की तर तो अधिकच रुक्ष वाटतो. पुरवठादार म्हणजे सिमेंट किंवा धान्य पोहोचवणारा माणूस. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्या कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला. तेव्हापासून वैद्यकीय सभा-संमेलनांतून एक खंत सातत्याने ऐकू येते : धन्वंतरीच्या वारसाला दुकानदारांच्या रांगेत नेऊन बसवले. या खंतीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील विश्वास पावतीवर मोजता येत नाही, हे आपण सारेच जाणतो.

परंतु या शब्दाची दुसरी बाजू आपण फारशी पाहिलेली नाही. ‘प्रोव्हायडर’ या शब्दात ‘डॉक्टर’ हे अक्षर कुठेही नाही. त्याच्या छत्राखाली परिचारिका येते, उपकेंद्रातील एएनएम येते, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ येतो, औषध देणारा येतो, गावची आशा कार्यकर्ती येते. आणि प्रामाणिकपणे विचार केला तर बाळाची आईही येते. आपल्याला टोचते ते कदाचित दुकानदारांशेजारी बसणे नसून यांच्याशेजारी बसणे असावे. माझे मत असे की ही शेजारची जागा आपण आनंदाने स्वीकारली पाहिजे. त्यात आपली प्रतिष्ठा कमी होत नाही आणि बालके वाचतात.

हे केवळ भावनेच्या भरात लिहीत नाही. नवजात बालकाचे पहिले चोवीस तास डोळ्यांसमोर आणा. जन्मल्याबरोबर त्याला कोरडे कोणी करायचे? श्वास सुरू झाला की नाही हे पहिल्या मिनिटात कोणी पाहायचे? पहिले पिवळसर चीकदूध काढून टाकू नये आणि जन्मघुट्टी चाटवू नये, हे सासूबाईंना कोणी समजावायचे? थंडीच्या दिवसांत बाळाला लगेच न्हाऊ घालण्यापासून कोणी थांबवायचे? रात्री दोन वाजता बाळ निस्तेज दिसते आहे हे कोणाच्या लक्षात येणार? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर सहसा ‘बालरोगतज्ज्ञ’ असे नसते. आपल्या शहरातील चांगल्या प्रसूतिगृहातही ते ‘परिचारिका’ असे असते आणि गावात ‘आशा’, ‘एएनएम’ किंवा ‘आजी’ असे असते. आपण येतो तो बहुधा पुढचा अंक असतो, आणि तो कसा रंगणार हे पहिल्या अंकातच ठरलेले असते.

आकडेही हेच सांगतात. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००५ साली मध्य प्रदेशात दर हजार जिवंत जन्मांमागे ७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. देशाचा आकडा तेव्हा ५८ होता आणि महाराष्ट्राचा ३६. २०२० साली मध्य प्रदेश ४३ वर आला, देश २८ वर, महाराष्ट्र १६ वर. म्हणजे आपण पुढे आलो, पण रांगेत शेवटीच राहिलो. याच काळात रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण आपल्या राज्यात जेमतेम पाव हिश्श्यावरून दहापैकी नवापर्यंत पोहोचले. इमारती झाल्या, जिल्हा रुग्णालयांत नवजात शिशूंचे अतिदक्षता कक्ष झाले, रुग्णवाहिका आल्या. हे सारे आवश्यकच होते. तरीही २०२० मध्ये देशातील त्या २८ मृत्यूंपैकी २० मृत्यू पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले होते. प्रसूती रुग्णालयात झाली तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ घरीच जाते, आणि पुढचे तीन आठवडे ते आपल्या नजरेबाहेर असते. त्या तीन आठवड्यांत त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस कोण, हा खरा प्रश्न आहे.

कौशल्य डॉक्टरच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेले की काय घडते, याची तीन उदाहरणे माझ्याच शाखेतली देतो.

पहिले १९७१ सालचे. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी तयार करवून घेतले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. त्या छावण्यांत ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण हे द्रावण मिळालेल्यांमध्ये ४ टक्क्यांच्या खाली आले. सलाइन लावणारा हात प्रशिक्षित लागतो. वाटीचमच्याने पाणी पाजणारा हात आईचा असला तरी चालतो, हे त्या साथीने सिद्ध केले. डॉ. महालनबीस २०२२ साली गेले. पद्मविभूषण त्यांना २०२३ साली मरणोत्तर मिळाले.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून जामखेड येथे अल्पशिक्षित, पुष्कळशा दलित स्त्रियांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले; १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा केली, त्याच्या आधीची ही गोष्ट आहे. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेमार्फत हाच विचार नवजात बालकापर्यंत नेला. ज्यांनी बालमृत्यूसाठी ‘कोवळी पानगळ’ हा शब्द महाराष्ट्राला दिला, तेच हे बंग दांपत्य. त्यांनी ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना वजन घेणे, तापमान पाहणे, श्वास मोजणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, बाळ उबदार ठेवणे आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे एवढे शिकवले. बंदिस्त कक्ष नाही, वीज नाही, बालरोगतज्ज्ञ नाही. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेला होता. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ने हा शोधनिबंध छापला. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालक सेवा सुरू केली, तिची मुळे या प्रयोगात आहेत. आज आपल्या जिल्ह्यातली आशा रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देते, ती याच वाटेने.

तिसरे उदाहरण अतिदक्षता कक्षाच्या आतले. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या त्वचेला लावून ठेवण्याची कांगारू पद्धत कोलंबियातील बोगोटा येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. पुष्कळ वर्षे आपण ती ‘बाळ स्थिर झाल्यावर’ वापरत असू. तोवर बाळ यंत्रात आणि आई बाहेरच्या बाकावर. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील चाचणीत एक ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेचच आईच्या छातीशी दिले गेले, आणि पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. ज्या आईला आपण संसर्गाच्या भीतीने काचेबाहेर उभे केले होते, ती उपचाराचे साधन निघाली.

यावर माझे काही ज्येष्ठ सहकारी एक आक्षेप घेतात, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, अर्धवट शिकलेल्याच्या हाती सुई देणे म्हणजे भोंदू डॉक्टर तयार करणे. मध्य प्रदेशाला याचा अनुभव आहे. १९९५ साली राज्याने जनस्वास्थ्य रक्षक योजना आणली. गावातल्या तरुणांना काही महिन्यांचे शिक्षण देऊन परत पाठवले गेले आणि त्यांतील अनेकांनी पुढे सलाइन-इंजेक्शनचा खासगी धंदा थाटला. घट्टिया-महिदपूरकडून येणारी, तीन-तीन प्रतिजैविके घेतलेली मुले आपण सगळेच पाहतो.

आक्षेप मान्य करूनही मला त्यातून वेगळा निष्कर्ष निघतो. त्या योजनेत शिकवण्याची मुदत ठरलेली होती. शिकवल्यानंतर पाठीशी कोण उभे राहणार हे मात्र ठरलेले नव्हते. गडचिरोलीत कार्यकर्तीच्या हाती सुई दिली गेली, तेव्हा तिच्या नोंदवहीतली ओळन् ओळ तपासणारा पर्यवेक्षक ठरावीक दिवशी तिच्या दारी जात होता. कोणत्या बाळाला इंजेक्शन द्यायचे आणि कोणत्या बाळाला रुग्णालयातच न्यायचे, याचे नियम लिहिलेले होते. भोंदूगिरी कौशल्य वाटल्याने फोफावत नाही. कौशल्य वाटून आपण पाठ फिरवली की ती फोफावते. तेव्हा आधुनिक आरोग्यव्यवस्थेत डॉक्टरची भूमिका कोणती, या प्रश्नाला माझे उत्तर आहे : पाठीराख्याची. उपचार करणारे हात अनेक असतील. त्या हातांना शिकवणारा, त्यांची चूक वेळीच दाखवणारा आणि त्यांनी हाक दिली की उभा राहणारा माणूस डॉक्टर असला पाहिजे.

ही पाठराखण प्रत्यक्षात किती लहान गोष्टींत असते, ते एका प्रसंगाने सांगतो. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका संध्याकाळी तराना तहसिलीतील एका गावची आशा कार्यकर्ती नऊ दिवसांचे बाळ घेऊन, त्याची आई आणि आजी यांच्यासह, माझ्याकडे आली. तिच्या हाती वहीचा फाडलेला कागद होता. त्यावर हिंदीत लिहिले होते : श्वास ७४, दोन वेळा मोजले, सकाळपासून दूध ओढत नाही, तळपाय थंड. आपण जाणतोच की दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक असतील तर तो धोक्याचा इशारा असतो. त्या तीन ओळींत जंतुदोषाचे निम्मे निदान होते. माझ्याकडे येण्याआधी ही मंडळी दुसऱ्या एका रुग्णालयात जाऊन आली होती. तिथे ‘आशा बाहेर थांबेल’ असे सांगण्यात आले, आणि चिठ्ठी कोणी हातातही घेतली नाही. दीड तास असा गेला. बाळ दहा दिवस भरती राहिले आणि बरे होऊन घरी गेले. घरी पाठवण्याच्या दिवशी ती कार्यकर्ती मुद्दाम आली होती. आभार मानून झाल्यावर तिने हळूच विचारले, “सर, मैंने साँसें ठीक गिनी थीं ना?”

तिला बक्षीस नको होते, सत्कार नको होता. आपले मोजमाप बरोबर होते की नाही, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. मी तिला लेटरहेडवर निदान, उपचार आणि ‘आपण वेळेवर ओळखले’ असे एक वाक्य लिहून दिले. पुढे कळले की तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने आपल्या नोंदवहीत ठेवला आहे आणि गावात कोणी ‘तुला काय कळते’ म्हटले की ती तो दाखवते. आपल्या दोन ओळींचे गावातले वजन किती असते, याची आपल्याला कल्पना नसते.

आशा ही सरकारी परिभाषेत ‘स्वयंसेविका’ आहे. तिला वेतन नाही, मोबदला आहे. नवजात बालकाच्या सर्व भेटी पूर्ण केल्याबद्दल २०११ साली ठरलेला मोबदला २५० रुपये होता. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातील सुमारे दहा लाख आशा कार्यकर्त्यांचा जागतिक सन्मान केला. जिनिव्हाहून सन्मान होतो आणि उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या दवाखान्यात बसायला खुर्ची मिळत नाही, ही विसंगती सरकारने नव्हे, आपण दूर करायची आहे. मोबदल्याचा प्रश्न शासनाचा आहे आणि तो लावून धरलाच पाहिजे. खुर्चीचा प्रश्न आपला आहे.

जे आशेबाबत, तेच आपल्या स्वतःच्या परिचारिकांबाबत. लहान नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला कोण आहे, तिला बॅग आणि मास्कने श्वास देता येतो का, शेवटचा सराव कधी झाला, या प्रश्नांची उत्तरे आपल्या दर्शनी फलकावरील पदव्यांपेक्षा बाळाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहेत. आपण नवे यंत्र घेतो तेव्हा त्याच्या उद्घाटनाला पाहुणे बोलावतो. परिचारिकेच्या प्रशिक्षणावर एक दिवस दवाखान्याचे काम थोडे कमी ठेवणे मात्र आपल्याला परवडत नाही.

नव्या तंत्रज्ञानाविषयीही येथे एक शब्द. आज गावातली कार्यकर्ती बाळाच्या श्वासांची चित्रफीत मोबाइलवर पाठवू शकते. २०१९ पासून ई-संजीवनीसारखी दूरचिकित्सेची सरकारी सोयही आहे. उद्या कदाचित यंत्रच श्वास मोजेल. ते स्वागतार्ह आहे. पण बाळाची दुपटी बाजूला करून मोबाइल त्याच्या छातीसमोर धरणारे कोणीतरी लागेल, आणि पलीकडे तो संदेश उघडून ‘ताबडतोब घेऊन या’ म्हणणारे कोणीतरी लागेल. ही दोन माणसे एकमेकांना ओळखत असतील, एकमेकांवर विश्वास ठेवत असतील, तरच मधले यंत्र उपयोगाचे.

आता आपल्या मंडळाविषयी. आपण माळव्यात आलो ते शिंद्यांच्या काळात, कोणी त्याही नंतर. घरात मराठी बोलतो आणि ओपीडीत मालवी मिसळलेली हिंदी. या भूमीने आपल्याला पिढ्यान् पिढ्या सामावून घेतले. जामखेड आणि गडचिरोली येथील कामाविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. ते आपण सहज वाचू शकतो. तराना-बडनगरची आशा ते वाचू शकत नाही. हे ज्ञान मराठीतून मालवीत पोहोचवण्याचे काम आपल्याइतके सोयीचे दुसऱ्या कोणाला नाही.

म्हणून तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली : आपण वर्षातून जी तपासणी शिबिरे घेतो, त्यांतील एक शिबिर रुग्णांऐवजी कार्यकर्त्यांसाठी घ्यावे. एका दिवसात तीनशे मुलांना टॉनिकच्या बाटल्या वाटण्यापेक्षा तीस स्त्रियांना श्वास अचूक मोजायला शिकवणे अधिक मुलांच्या कामी येईल. जिल्ह्यात उज्जैन, घट्टिया, तराना, महिदपूर, खाचरोद आणि बडनगर असे सहा विकासखंड आहेत. दर दोन महिन्यांनी एक घेतला तर वर्षात सर्व पुरे होतात. आरोग्य विभागाच्या संमतीने आणि त्याच्याच अभ्यासक्रमानुसार हे करावे; आपला वेगळा संप्रदाय काढू नये. दुसरी : जो सदस्य डॉक्टर आशा किंवा एएनएमच्या चिठ्ठीसह रुग्ण पाहील, त्याने चिठ्ठीला लेखी उत्तर पाठवावे. मंडळाने त्यासाठी चार ओळींचे छापील कार्ड तयार करावे : निदान काय झाले, काय केले, घरी कशावर लक्ष ठेवायचे, पुन्हा केव्हा आणायचे. तिसरी : प्रत्येक सदस्याच्या स्वागतकक्षात अशी स्पष्ट सूचना असावी की बाळासोबत आलेली कार्यकर्ती आत येईल.

यांपैकी कशालाही अनुदान लागत नाही, इमारत लागत नाही. लागतो तो वेळ आणि आपल्या खुर्चीवरून थोडे पुढे झुकण्याची तयारी. २०२८ च्या सिंहस्थाची तयारी शहरात चालू आहे. क्षिप्रेच्या घाटांवर लक्षावधी लोक सुखरूप स्नान करून जातात ते प्रत्येक पायरीवर कोणीतरी हात धरायला उभे असते म्हणून, हे उज्जैनकरांना वेगळे सांगायला नको.

स्मरणिकेत दरवर्षी आपण शिबिरांची छायाचित्रे छापतो. पुढच्या वर्षी त्यांच्या शेजारी एक छोटासा तक्ता असावा अशी माझी विनंती आहे : किती कार्यकर्त्यांना शिकवले, किती चिठ्ठ्या आल्या आणि त्यांपैकी किती चिठ्ठ्यांना उत्तर गेले. आकडे पहिल्या वर्षी लहान असतील. तरीही ते छापावेत.